तोंड-घशाचा कॅन्सर, प्रोटॉन आणि क्लिनिकल ट्रायल : नाशिककरांनी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने विचारायचं

तुकड्याचा रिपोर्ट हातात पडला की दोन दिवसांत घरात सल्ल्यांची रांग लागते. कुणी सांगतं, खारघरला टाटाचं नवं प्रोटॉनचं मशीन आलंय, तिथंच न्या. कुणी बजावतं, ट्रायलच्या कागदावर सही करू नका, माणसावर प्रयोग करतात. दोन्ही विषय नीट विचारात घेण्यासारखे आहेत, फक्त त्यांची वेळ ठरलेली आहे. ट्रायलचा प्रश्न पहिली केमो किंवा पहिला शेक (रेडिएशन) लागण्याच्या आधी विचारायचा. प्रोटॉनचा प्रश्न उपचाराची तयारी चालू ठेवूनच आठ-दहा दिवसांत निकाली काढायचा. बहुतेक घरांत उलट होतं: प्रोटॉनची वाट बघत महिना जातो आणि ट्रायलची आठवण दोन केमो झाल्यावर येते. तोवर दोन्ही दारं बंद झालेली असतात.

आधी रिपोर्ट वाचा, मशीनचं नंतर

'तोंडाचा कॅन्सर' एवढ्यावर काहीच ठरत नाही. गाल, जीभ, हिरडी, घशातला टॉन्सिलचा भाग, स्वरयंत्र, नाकामागचा भाग, सायनस, लाळग्रंथी या प्रत्येक जागेचा उपचार वेगळा आहे. तंबाखू, गुटखा, मिसरीमुळे आपल्याकडे गाल आणि हिरडीचे कॅन्सर जास्त दिसतात. त्यांत पहिला उपचार बहुधा ऑपरेशन असतो आणि शेक नंतर, तोही गरज असेल तरच. स्वरयंत्र किंवा टॉन्सिलच्या बाबतीत अनेकदा ऑपरेशनशिवाय शेक आणि केमो एकत्र देतात.

ऑपरेशन झालं असेल तर अंतिम हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये पाच गोष्टी शोधा: गाठ किती खोल गेली होती, म्हणजे डेप्थ ऑफ इन्व्हेजन, हे मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, कडा स्वच्छ आहेत की जवळ, मानेतल्या किती गाठी तपासल्या आणि किती बाधित निघाल्या, बाधित गाठीचं आवरण फुटून रोग बाहेर आलाय का, आणि मज्जातंतूंभोवती पेशी आहेत का. आवरण फुटलेलं असेल किंवा कड बाधित असेल तर शेकासोबत केमोही सुचवतात. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाचा कॅन्सर असेल तर पी-१६ तपासणी (रोगाचा एचपीव्ही विषाणूशी संबंध आहे का हे दाखवणारी) झाली आहे का तेही बघा. गालाच्या कॅन्सरला त्या तपासणीचा उपयोग नाही. तिथं कुणी ती लिहून दिली तर कशासाठी, हे विचारा.

प्रोटॉन नेमकं काय वेगळं करतो

नेहमीचा शेक क्ष-किरणांचा, म्हणजे फोटॉनचा. तो शरीरात शिरतो, वाटेत डोस सोडत जातो आणि पलीकडून बाहेर पडतो. प्रोटॉन हा कण वाटेत कमी ऊर्जा सोडतो, ठरलेल्या खोलीवर तिचा मोठा हिस्सा एकदम सोडतो आणि तिथंच थांबतो. त्यापलीकडच्या भागाला जवळजवळ काही लागत नाही. १९४६ मध्ये रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने हे उपचारासाठी वापरता येईल असं मांडलं आणि १९५४ मध्ये अमेरिकेत बर्कलीला पहिल्या रुग्णावर ते वापरलं गेलं.

यात गाठीच्या दृष्टीने नवं काही नाही, हे घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावं. गाठीला द्यायचा डोस तोच राहतो: ऑपरेशननंतर साधारण ६० ग्रे (ग्रे हे डोसचं माप) ३० भागांत, ऑपरेशनशिवाय ६६ ते ७० ग्रे ३३ ते ३५ भागांत, आठवड्यातून पाच दिवस. प्रोटॉनने रोग जास्त मरतो असं नाही. फरक पडलाच तर शेजारच्या अवयवांना पडतो: लाळग्रंथी, डोळ्याची नस, मेंदूचा तळ, गिळण्याचे स्नायू, दुसऱ्या बाजूचं तोंड. आणि ज्या भागाला शेक द्यायचाच आहे तिथं तोंड येणं, कातडी काळी पडणं, चव जाणं हे प्रोटॉननेही होतं. कातडीची जळजळ तर काहींना जास्तच होते. 'साइड इफेक्ट नसलेला शेक' असं कुणी म्हणत असेल तर तो विकतोय, समजावून सांगत नाहीये.

तुलना कशाशी करताय?

प्रोटॉनची तुलना जुन्या कोबाल्ट मशीनशी करून उपयोग नाही. ती आयएमआरटीशी, म्हणजे गाठीच्या आकाराप्रमाणे क्ष-किरणांचा डोस बसवणाऱ्या आजच्या तंत्राशी करायची, आणि लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरवरची आयएमआरटी नाशिक शहरातच मिळते. हे तंत्रही लाळग्रंथी वाचवतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या पारस्पोर्ट चाचणीत वर्षभरानंतर त्रासदायक कोरडं तोंड जुन्या पद्धतीच्या शेकानंतर ७४ टक्के रुग्णांना होतं, तर आयएमआरटीनंतर ३८ टक्क्यांना. म्हणजे मोठी उडी आधीच मारून झाली आहे. प्रोटॉनचा फायदा मोजायचा तो त्याच्या पुढचा.

त्या पुढच्या फायद्याबद्दल दोन मोठ्या चाचण्या वेगवेगळं सांगतात. अमेरिकेतल्या २१ केंद्रांवरच्या ४४० रुग्णांच्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये मांडले गेले. त्यात रोगावरचा ताबा प्रोटॉनमध्ये कमी पडला नाही आणि जेवणासाठी पोटात नळी घालावी लागण्याचं प्रमाण ४२ वरून २८ टक्क्यांवर आलं. ब्रिटनमधल्या टॉर्पेडो चाचणीत मात्र वर्षभरानंतर नळीवर अवलंबून राहणं आणि जगण्याचा दर्जा या दोन्हींत आयएमआरटीपेक्षा ठळक फरक दिसला नाही. दोन्ही गटांतले रुग्ण चांगले सावरले होते. शिवाय या दोन्ही चाचण्या घशाच्या, म्हणजे ऑरोफॅरिंक्सच्या कॅन्सरवर होत्या, आणि त्या देशांत तो बहुतेक एचपीव्ही विषाणूमुळे होतो. तंबाखूने झालेल्या, जबडा काढून मांडीचं किंवा पायाचं मांस लावलेल्या गालाच्या कॅन्सरला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. आमच्या मते गालाच्या कॅन्सरच्या नाशिकमधल्या नेहमीच्या रुग्णासाठी वेळेत झालेलं चांगलं ऑपरेशन आणि वेळेत सुरू झालेली चांगली आयएमआरटी हाच पहिला विचार असावा. फक्त प्रोटॉनसाठी शेती विकायला निघालेल्या कुटुंबाने निदान पुढची पायरी पूर्ण होईपर्यंत थांबावं.

प्रोटॉनचा विचार गंभीरपणे करावा अशी काही ठिकाणं नक्की आहेत. कवटीच्या तळाचे कॉर्डोमा आणि कॉन्ड्रोसार्कोमा या गाठी, डोळ्याच्या नसेला खेटलेले नाक-सायनसचे कॅन्सर, नाकामागचा म्हणजे नासोफॅरिंक्सचा कॅन्सर, एका बाजूच्या लाळग्रंथीचा कॅन्सर, आणि आधी शेक झालेल्या जागी रोग परतल्यावर पुन्हा द्यायचा शेक. लहान मुलं आणि तरुण रुग्णांचा विचार यांत आधी, कारण पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्यांना त्या डोसबरोबर काढायची असतात. याउलट स्वरयंत्राच्या पडद्यावरची छोटी गाठ किंवा फक्त दुखणं कमी करण्यासाठीचा थोडक्या दिवसांचा शेक, यांसाठी प्रोटॉनच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

दोन प्लॅन शेजारी ठेवून मागा

सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत उपयोगी पायरी हीच, आणि बहुतेक लोक ती मागतच नाहीत. प्रोटॉन केंद्रात त्याच सीटी स्कॅनवर प्रोटॉनचा एक आणि आयएमआरटीचा एक असे दोन प्लॅन, म्हणजे कुठे किती डोस पडेल याचे आराखडे, करता येतात. मग डॉक्टरांना चार-पाच आकडे विचारायचे: दोन्ही कानाखालच्या पॅरोटिड ग्रंथींना सरासरी किती डोस (२६ ग्रेच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो), गिळण्याच्या स्नायूंना सरासरी किती (५० ग्रेच्या आत असावा), तोंडाच्या निरोगी भागाला आणि स्वरयंत्राला किती, मज्जारज्जूला कमाल किती (४५ ग्रेच्या आसपासची मर्यादा पाळतात), आणि जबड्याच्या हाडाला किती.

दोन प्लॅनमध्ये पॅरोटिडचा आकडा २४ आणि २२ असेल तर लाखो रुपये आणि सात आठवडे परगावी घालवण्याचं कारण उरत नाही. ३८ आणि १९ असेल तर गोष्ट वेगळी. नेदरलँड्समध्ये रुग्ण याच पद्धतीने निवडतात: प्लॅनच्या आकड्यांवरून त्रासाची शक्यता काढतात आणि मध्यम त्रासाची शक्यता निदान १० टक्क्यांनी, किंवा गंभीर त्रासाची ५ टक्क्यांनी कमी होत असेल तरच प्रोटॉन मंजूर होतो. आपल्याकडे असा सरकारी नियम नाही, पण प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. डॉक्टरांना थेट म्हणा, "साहेब, दोन्ही प्लॅनमध्ये लाळ आणि गिळण्याला किती फरक पडतो ते आकड्यांत सांगाल का?" तुलनेचा छापील कागद मिळाला तर फाइलला लावा.

कुठे जायचं

नाशिककरांनी विचारात घ्यावीत अशी दोन केंद्रं. एक खारघरचं ॲक्ट्रेक, टाटा मेमोरियल सेंटरचा भाग. तिथली प्रोटॉन सुविधा २०२३ मध्ये सुरू झाली. दुसरं चेन्नईचं अपोलो प्रोटॉन कॅन्सर सेंटर, २०१९ पासून चालू असलेलं दक्षिण आशियातलं पहिलं. चेन्नईचं केंद्र खासगी. ॲक्ट्रेकमध्ये जनरल आणि प्रायव्हेट असे वेगळे वर्ग आहेत, पण रुग्णांची गर्दी मोठी आणि निवड डॉक्टरांच्या बैठकीत ठरते. पैसे भरायची तयारी आहे म्हणून तारीख मिळतेच असं नाही.

जाण्याआधी प्राथमिक मत घरबसल्या घेता येतं. टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं) यांच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून कागदपत्रं पाठवून मिळवता येतं. तेवढ्यात 'प्रोटॉनची गरज दिसत नाही' असं उत्तर आलं तर कसारा घाटाची एक फेरी वाचली.

फाइल मात्र पूर्ण हवी. अर्ध्या फाइलने गेलेला माणूस पुन्हा नाशिकला येतो आणि आठवडा जातो.

बायोप्सीच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक, दोन्ही घ्या. टाटात काचा पुन्हा तपासतात, आणि ट्रायलसाठी बऱ्याचदा ब्लॉकच लागतो. लॅबला अर्ज देऊन, पोच घेऊन ब्लॉक मिळतो. तो उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. सीटी, एमआरआय, पेटच्या फिल्म पुरत नाहीत. डायकॉम स्वरूपातली, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल असलेली सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा आणि निघण्याआधी ती उघडते का हे दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा. ऑपरेशनच्या नोंदी मागताना जबड्यात प्लेट बसवली असेल तर तिच्या कंपनीचं आणि धातूचं स्टिकर कागदावर आहे का तपासा. कारण पुढे येतंच. आधी शेक झालेला असेल तर नुसता 'साठ ग्रे दिला' असा दाखला कामाचा नाही. जुन्या केंद्राकडून डायकॉम-आरटी फाइल, म्हणजे प्लॅन, डोस आणि आखलेले अवयव असं सगळं मागा. ते न मिळाल्यास पुन्हा शेक देणारा डॉक्टर अंधारात काम करतो.

याशिवाय सगळ्या डिस्चार्ज समऱ्या, क्रिएटिनिनसह (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) ताजे रक्ताचे रिपोर्ट, ऐकण्याची तपासणी झाली असेल तर ऑडिओग्राम, आधार, रेशनकार्ड. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.

दिवसांचा हिशेब

ऑपरेशननंतरचा शेक सहा आठवड्यांच्या आत सुरू झालेला चांगला. आता उलटं मोजू. अंतिम रिपोर्टला सात ते दहा दिवस. दात काढावे लागले तर जखम भरायला १० ते १४ दिवस. डोकं स्थिर ठेवणारा मास्क, सीटी, प्लॅन आणि त्याची मशीनवरची पडताळणी यांना प्रोटॉनमध्ये एक ते दोन आठवडे. नोंदणी आणि डॉक्टरांची बैठक यांना आणखी एक. बेरीज सहा आठवड्यांना टेकली, आणि अजून कुणी आजारी पडलेलं नाही.

म्हणून प्रोटॉन केंद्राशी बोलणं ऑपरेशनच्या आधी किंवा नंतरच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करा, टाके निघायची वाट बघू नका. किडलेले दात ऑपरेशनच्या वेळीच, त्याच भुलीत काढता येतील का, हे सर्जनला विचारा. दोन आठवडे तिथंच वाचतात. आणि नाशिकमधल्या रेडिएशन डॉक्टरांना सांगून इथला मास्क-सीटीचा दिवस धरून ठेवा. चौथा आठवडा संपताना प्रोटॉनची पक्की तारीख हातात नसेल तर इथं आयएमआरटी सुरू करा. उशिराने मिळालेल्या प्रोटॉनपेक्षा वेळेवरची आयएमआरटी चांगली, याबद्दल आम्हाला शंका नाही.

उपचाराचे सात आठवडे आणि तिथं काय बिघडतं

खारघर नाशिकहून रोज येऊन-जाऊन करण्यासारखं नाही. रेल्वेने ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने खारघर, पुढे रिक्षा असा रस्ता आहे, पण तोंड आलेल्या, नाकात नळी असलेल्या माणसाला तो पहिल्या भेटीपुरताच ठीक. पावसाळ्यात घाटात गाड्या अडकतात; २०२७ च्या सिंहस्थ पर्वण्यांच्या आसपास शेकाचे दिवस येत असतील तर नाशिकहून वेळेवर निघण्याचा भरवसाच धरू नका. राहण्यासाठी रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्करला पहिल्याच दिवशी भेटा. धर्मशाळांच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडूनच मिळतात आणि खोल्या लवकर भरतात. सोबत एकच माणूस सात आठवडे राहणार की आळीपाळीने, हे निघण्याआधी ठरवा. तिसऱ्या आठवड्यापासून रुग्णाला बोलणं जड जातं, तेव्हा माहिती असलेलं माणूस जवळ हवं.

कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्याला त्याच वर्गांत ७५ टक्के. रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा ठरलेला फॉर्म लागतो.

पहिल्या दिवशी प्लास्टिकची गरम जाळी चेहऱ्यावर बसवून मास्क बनवतात. दाढी आधी काढून या आणि उपचार संपेपर्यंत वाढू देऊ नका. मास्क खांद्यापर्यंतचा असतो आणि दाढी वाढली की बसत नाही. रोजचा वेळ २० ते ४० मिनिटं, त्यातला बहुतेक जागा जुळवण्यात जातो. किरण काही मिनिटंच चालतात आणि ते दुखत नाही.

बिघाड होतो तो वजनाने. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतो, म्हणूनच खोली बदलली की तो चुकीच्या जागी थांबतो. चार-पाच किलो वजन उतरलं, गळ्याची सूज कमी झाली, गाठ बसली, सायनसमध्ये पाणी भरलं, असं काहीही झालं तरी काही मिलिमीटरचा फरक पडतो. आयएमआरटीही याने बिघडते, पण प्रोटॉन जास्त. म्हणून मधूनमधून पडताळणी सीटी काढतात आणि गरज पडली तर प्लॅन नव्याने करतात. ते किती वेळा करणार आणि त्याचे पैसे वेगळे लागतात का, हे सुरुवातीलाच विचारा. जबड्यातली टायटॅनियमची प्लेट आणि दातातलं चांदीचं भरण याच कारणाने अडचणीचे. सीटीत त्यांच्या भोवती चट्टे उमटतात आणि कण किती खोल जाईल याचं गणित अंदाजावर येतं. प्लेट आहे म्हणून प्रोटॉन नाकारला तर त्यामागे खरं कारण आहे, टाळाटाळ नाही.

वजन राखणं हे सोबतच्या माणसाचं काम. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. आठवड्यात एक किलोपेक्षा जास्त घट दिसली तर आहारतज्ज्ञाकडे जा, पुढच्या तपासणीची वाट बघू नका. मऊ भात-वरण, नाचणीचं सत्त्व, अंडं, दूध, दही. तिखट, आंबट आणि फरसाण बंद. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून सहा-आठ गुळण्या. नाकातून नळी घालायला सांगितली तर ती हार समजू नये. ती उशिरा घातल्याने शेकात खंड पडतो, आणि खंड महाग पडतो: या कॅन्सरमध्ये उपचार लांबला तर ताबा मिळण्याची शक्यता दर दिवशी साधारण एक टक्क्याने घसरते. नळी असली तरी पाण्याचे घोट गिळत राहा, नाहीतर गिळण्याचे स्नायू विसरतात. तोंड उघडण्याचे व्यायामही पहिल्या दिवसापासून. गुटख्याने आधीच तोंड आखडलेलं असेल तर दुप्पट गरजेचे. वरच्या-खालच्या दातांतलं अंतर ३५ मिलिमीटरच्या खाली गेलं की अडचण सुरू झाली समजा.

मशीन बंद पडलं तर काय, हाही प्रश्न विचारायचा. चांगल्या केंद्रात पर्यायी फोटॉन प्लॅन तयार असतो. रोगी आणि मिसरी यांची भेट मात्र या सात आठवड्यांत होऊ देऊ नका. बिडी-सिगारेट चालू असताना दिलेल्या शेकाचा गुण कमी येतो.

पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ऑपरेशन, केमो आणि नेहमीचा शेक यांसाठी अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मदत क्रमांक १५५३८८. प्रोटॉन मात्र 'रेडिएशन' म्हणून आपोआप बसेल असं धरून चालू नका. आरोग्यमित्राकडून आणि विमा कंपनीकडून 'प्रोटॉन थेरपी' हा शब्द असलेली लेखी मंजुरी घ्या. विम्यात रेडिएशनवर उपमर्यादा असू शकते, ती पॉलिसीच्या मागच्या पानांत असते.

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी तहसीलदारांचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला आणि खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. खासगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं, त्यासाठी त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला एक फेरी धरा. अंदाजपत्रकात मास्क, प्लॅन, पुन्हा प्लॅन, सीटी, केमो हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. एकाच ओळीतला आकडा नंतर वाढतो.

ट्रायल: भीती कशाची बाळगायची आणि कशाची नाही

तोंडाच्या कॅन्सरचे जगभर पाळले जाणारे काही नियम मुंबईतल्या चाचण्यांमधून आलेत. छोट्या गाठीतही मानेच्या गाठी आधीच काढाव्यात की नंतर दिसल्या तर काढाव्यात, हा जुना वाद टाटातल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांच्या २०१५ मधल्या चाचणीने मिटवला. आधी काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट बघितलेल्यांत ६७.५ टक्के. २०२३ मधली दुसरी टाटाचीच चाचणी पुढच्या टप्प्यातल्या, बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांवरची. स्वस्त गोळ्यांच्या उपचारात निवोलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाचा अगदी छोटा, २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी जोडला, तर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. लाखोंच्या औषधाचा परवडणारा डोस चालतो का, हा प्रश्न आपल्याच रुग्णांवर तपासून सुटला.

शोधायचं कसं? देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही म्हणजे सीटीआरआय. २००७ मध्ये सुरू झाली, आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची आहे. संकेतस्थळ मोफत आणि सगळ्यांना खुलं. आजाराचं नाव इंग्रजीत टाकावं लागतं आणि एकाच शब्दावर थांबायचं नाही: 'हेड अँड नेक', 'ओरल कॅव्हिटी', 'बक्कल म्यूकोसा' अशी तिन्ही नावं टाकून बघा. भरती चालू असल्याची नोंद आहे का, केंद्रांच्या यादीत नाशिक किंवा मुंबई आहे का, समावेशाच्या आणि वगळण्याच्या अटी काय, एवढं उतरवून घ्या. नाशिकमधली काही कॅन्सर रुग्णालयंही चाचण्यांची केंद्रं असतात, त्यामुळे दर वेळी मुंबईच लागेल असं नाही. यादीत विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि गुळण्या-मलमांच्या चाचण्याही मिसळलेल्या असतात; उपचार बदलणारी चाचणी कोणती, हे आपल्या डॉक्टरांना दाखवून ओळखा.

अटींमध्ये रुग्ण कुठे अडकतो तेही ठरलेलं आहे. आधी केमो किंवा शेक घेतलेला असणं. क्रिएटिनिन वाढलेलं असणं. ऐकू कमी येणं, कारण सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध कानाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतं. आणि दिवसाचा बराच वेळ अंथरुणात जाणं. काढे आणि भस्मं चालू असतील तर लपवू नका. लिव्हरचा रिपोर्ट बिघडला की तुम्ही चाचणीतून बाहेर, आणि कारण कुणालाच कळत नाही.

तुलनात्मक चाचणीत कोणाला कोणता उपचार हे कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टर नाही. म्हणजे प्रोटॉन विरुद्ध आयएमआरटी अशा चाचणीत जाऊन प्रोटॉनच मिळेल ही हमी नसते. ते मान्य नसेल तर आधीच नाही म्हणा. मनाविरुद्ध गट मिळाल्यावर मधेच सोडणं तुम्हालाही त्रासाचं. दुसऱ्या गटाला साखरेची गोळी देतात ही भीती मात्र कॅन्सरमध्ये सहसा खोटी. त्या गटाला आजचा प्रमाण उपचार मिळतो. पहिल्या टप्प्याची चाचणी वेगळी असते. तिथं मुख्य प्रश्न डोस सुरक्षित किती हा असतो, फायद्याचा नाही.

संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, एक रात्र ठेवा. घाईने सही मागणाऱ्याला "उद्या येतो" म्हणायला हरकत नाही. वाचताना हे शोधा: चाचणीचं औषध मोफत आहे का आणि त्यासोबतच्या नेहमीच्या तपासण्यांचे पैसे कोण देणार, प्रवासखर्च मिळतो का, किती जादा फेऱ्या, ब्लॉकमधला किती भाग घेणार आणि उरलेला परत देणार का, विमा आहे का. रुग्णाला वाचता येत नसेल तर सहीच्या वेळी निःपक्षपाती साक्षीदार लागतो. सहीची एक प्रत तुमची, ती घेतल्याशिवाय उठू नका. तिच्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे चाचणीतल्या रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीचा फोन असतो. त्या समितीत निदान सात सभासद असतात, त्यांतले किमान अर्धे त्या संस्थेबाहेरचे, आणि तक्रार थेट तिथं करता येते.

२०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. गंभीर घटना डॉक्टरांनी २४ तासांत कळवायची असते. खाच इथं आहे: ताप रात्री दोनला नाशिकमध्ये येतो आणि चाचणी मुंबईत चालू असते. म्हणून चोवीस तास उचलला जाणारा नंबर सहीच्या दिवशीच लावून बघा, चाचणीचं कार्ड रुग्णाच्या खिशात ठेवा, आणि स्थानिक रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर बिल कोण देणार हे लेखी घ्या. भरती झाल्याबरोबर चाचणीच्या समन्वयकाला कळवा. दोन दिवसांनी सांगितलं तर कागद अडतात. चाचणी केव्हाही, कारण न देता सोडता येते आणि त्यानंतर नेहमीचा उपचार नाकारता येत नाही. पण सोडताना सांगून सोडा, शेवटच्या तपासण्या करून घ्या. औषध अंगात असताना गायब झाल्यास धोका तुमचाच.

आणि एक साधी खूण. 'ट्रायल' म्हणून औषधाचेच पैसे मागितले, सीटीआरआय क्रमांक सांगता आला नाही, किंवा बरं होण्याची हमी दिली, तर तिथून निघा.

उपचार संपल्यावर

शेक संपल्यावर लगेच पेट स्कॅनचा आग्रह धरू नका. १२ आठवड्यांच्या आत सूज आणि रोग यांतला फरक नीट कळत नाही आणि नसलेला रोग दिसतो. मानेला शेक झालेल्यांची थायरॉइडची टीएसएच तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करायची. उपचाराचा सारांश, प्लॅनची डिजिटल प्रत आणि डोसचा कागद केंद्रातून मागून घरच्या फाइलमध्ये ठेवा. दात काढायची वेळ कधीही आली, अगदी दहा वर्षांनीसुद्धा, तर हातात पक्कड घेण्याआधी दाताच्या डॉक्टरला तो डोसचा कागद दाखवा, कारण शेक बसलेल्या जबड्याची जखम सहज भरत नाही आणि हाड कुजू शकतं.